कंसांसकट

कंसांवर इतका जीव टाकणारं माणूस जगात दुसरं नसणार, हे मी आमच्या मॅडमना बघून पैजेवर सांगतो. मुलुंडच्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं तयार होतात, आणि त्यातला एकूण एक कंस मॅडमच्या नजरेखालून जातो. संगणकाला द्यायच्या हुकमात जे आपलं आपण भरायचं ते टोकदार कंसात, जे गाळलं तरी चालतं ते चौकोनी कंसात. एका पानावर असं आणि पुढच्या पानावर तसं दिसलं, की त्यांना डबा गोड लागत नाही. चहाच्या कपाटातल्या साखरेच्या डब्यावर त्यांनी चौकोनी कंस काढलाय. भाच्याच्या लग्नपत्रिकेतल्या 'सहकुटुंब सहपरिवार'लाही पेन्सिलीने तोच कंस. "एकटा माणूस आला तर काय पंगतीतून उठवणार आहेत का रे?" हे मलाच विचारलं.

मी नववीतून शाळा सोडलेला, परभणीकडचा, इथे झेरॉक्स काढायला लागलेला. त्यांनी मला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. काम एकच, पुस्तकात छापलंय ते जसंच्या तसं टाइप करायचं, म्हणजे नवख्या माणसाचं कुठे अडतं ते मॅडमना कळतं. पहिल्याच दिवशी मी 'फाइलचं नाव' हेच शब्द टाइप केले, तेही टोकदार कंसांसकट. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. नोकरी गेली, असंच वाटलं. मॅडम मात्र खूश. "झकास. म्हणजे कंस कशासाठी, ते सांगायचं आपलंच राहिलंय." माझी चूक पुस्तकावर घेणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

घात असा झाला, की बघून बघून मी शिकलो. चुकणं थांबलं. आता त्या खुर्चीत गोराईहून बोटीने येणारी शर्मिला बसते. ती कंसांसकट टाइप करते आणि मॅडम तिला "झकास" म्हणतात. माझा शब्द. मागच्या महिन्यात ती एक दिवस रजेवर होती, तेव्हा मी तिथे बसून मुद्दाम कंस टाइप केले. मॅडमनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खोटं चुकू नकोस रे. तुला येतंय आता."

"मग मी काय करू, मॅडम?"

"समोर बस. माझ्याबरोबर पानं तपास."

टेबल मिळालं म्हणून आईने गावात पेढे वाटले. मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत. पण समोरच्या टेबलावरून मॅडमच्या शेजारचं हसणं जरा जास्तच ऐकू येतं.

काल शर्मिलाने पहिल्यांदाच कंस गाळून बरोबर टाइप केलं. मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं. तिचा चेहरा पडला. चहाच्या वेळी मी तिला हळूच म्हटलं, "जरा सावकाश शीक गं."