मामाची भीड

आमच्या मामाला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. सुतार माणूस. ताटावर बसलेला असला तरी कुणी “मामा, पाच मिनिटं” म्हटलं की हात धुऊन उठणार. कुणाचा पलंग कुरकुरतो, कुणाच्या कपाटाचं दार लागत नाही. मामी चिडते, “उद्या कुणी विहिरीत उडी मारा म्हटलं तर माराल!” आम्ही हसतो, आणि सगळ्यांत जास्त मामाच हसतो.

काल तो माझ्याकडे बिजागऱ्या बदलायला आला होता. माझी लेक नुकतीच चालायला लागलीय, डोळा चुकवून कुठेही पळते. मी म्हटलं, “मामा, तिच्या खोलीला बाहेरून कडी लाव ना.”

“बाहेरून नको.”

मामा आणि नको? मी चेष्टा करणार, तेवढ्यात त्यानं हातोडा बाजूला ठेवला. खाली बघत त्यानं सांगायला सुरुवात केली.

युद्धात, नदीच्या दोन्ही काठांची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती तेव्हा, गल्लीतलीच मुलं त्याला बोलवायला आली होती. धान्याच्या गोदामाचं दार नीट बसत नव्हतं आणि आत नदीपलीकडची माणसं कोंडली होती. मामानं बाहेरून आडवी फळी ठोकली. चौकट हलत होती, म्हणून पाचरही मारली. आतून शाळेतल्या बाईंनी त्याचा आवाज ओळखला. “सुतारमामा, लहान मुलं आहेत हो आत!”

ते गोदाम जळालं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आतल्यांना दार का उघडता आलं नाही, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

“रॉकेलचे डबे दिसले नाहीत तुला?”

“दिसले की.”

“कुणी बंदूक रोखली होती?”

“छे गं. चहा दिला त्यांनी.”

“मग का?”

“सगळी आपलीच मुलं. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? भीड पडली.”

भीड! भीती म्हणाला असता, राग म्हणाला असता, तरी मला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. याच भिडेवर आम्ही आयुष्यभर फुकटात दारं बसवून घेतली होती.

तेवढ्यात खालून शेजारच्या काकांची हाक आली, “मामा, पाच मिनिटं येता का?”

मी दारात आडवी उभी राहिले. “नाही म्हण त्यांना. एकदा तरी म्हण!”

मामानं हत्यारांची पिशवी उचलली. “अगं, वाट बघताहेत ते,” म्हणाला, आणि मला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडला.