हापशीची चिंच

झाडं, गुलामगिरी आणि सार्वजनिक वारसा अशा लांबलचक नावाच्या संशोधन प्रकल्पाची मी व्यवस्थापक होते. व्यवस्थापक म्हणजे जिच्या हातात काही नसतं आणि जिला सगळे जाब विचारतात. एवढ्या खटाटोपातून डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट उरणार होती: तळवलीजवळच्या एका गावात जुन्या गोरखचिंचेखाली माहितीची पाटी.

गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. तिकडून विकायला आणलेल्या माणसांसोबत तिची बी या किनाऱ्यावर उतरली असावी, असं आमचे अभ्यासक म्हणत. त्या माणसांचं नाव-गाव काही उरलेलं नाही. मला पाटीवर त्यांच्यासाठी एक ओळ हवी होती, बस. आणि गावात झाडाला म्हणत ‘हापशीची चिंच’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आफ्रिकेतून आलेल्यांना आपल्याकडे हबशी म्हणत. ‘ध’चा ‘मा’ करणारी आपली माणसं, इथे ‘ब’चा ‘प’ केला असणार, अशी माझी खात्रीच झाली.

झाड गावाचं, म्हणून पाटीचा मजकूर गावकीपुढे ठेवला. देवळात बैठक भरली. झाडाला लागून ज्यांचं घर आहे ते काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, इथं हापशी होती. पान्याची. माजी आय इथनंच पानी भरायची.”

“पण काका, झाड हापशीपेक्षा कितीतरी जुनं आहे.”

“झार जुनं हाय. नाव नवं आसंल.”

नावाचा हट्ट मी सोडला. मी म्हटलं, निदान गुलामांविषयी एक ओळ तरी राहू द्या.

“तो शब्द नको, मॅडम. उद्या लोक बोलतील, गुलामांचं गाव. पोरींची लग्नं जमवायची हायेत आमाला.”

कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी कुणाला हार जात नाही. प्रकल्पप्रमुखांना फोन केला, तर ते म्हणाले, “गावाला दुखवू नका. मजकूर त्यांनाच ठरवू द्या. लोकसहभाग महत्त्वाचा.” त्या लोकसहभागाचा मला अजून संताप येतो.

अनावरणाला गेले, तर गणपती करायला जावं आणि मारुती व्हावा तसं झालेलं. पाटीशेजारी खरीखुरी हापशी उभी होती. काकांनी ती भंगारातून शोधून आणली होती, हिरवा रंग देऊन सिमेंटात पक्की केली होती. खाली बोअर वगैरे काही नाही. पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे गावाची हापशी होती. आमच्या आया येथे पाणी भरत.’

मला शाल-नारळ दिला. “मॅडम, हापसताना एक फोटो,” काका म्हणाले. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मी दांडा हापसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जी ओळ मला माझ्या त्या निनावी माणसांसाठी हवी होती, ती काकांच्या आईला मिळाली होती, आणि तिच्यावर मी रागावणार तरी कशी?