फुलसावंगीतले रविवार

साठ-एकसष्टच्या सुमारास माझी फुलसावंगीच्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली. मी चोवीस वर्षांची होते. यवतमाळला आमच्या घराजवळच चर्च होतं. इथं अख्ख्या गावात ख्रिस्ती म्हणजे मी एकटी. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कळलं तर बाया बाळंतपणाला बोलावणार नाहीत, ही धास्ती होती. रविवारी दार लोटून मी बायबल वाचायची आणि गाणं ओठातल्या ओठात म्हणायची.

शेजारी शेती करणारी एक कास्तकारीण राहायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचं तिसरं मूल पोटातच गेलं. तिचं बाळंतपण मीच केलं. आठवड्यानं पाहायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"नर्सबाई, त्या दिवशी माया डोक्यावर हात ठेवून तुमी काय पुटपुटत होत्या?"

'काही नाही' म्हणता आलं असतं. याआधी कुणी पुटपुटणं ऐकलं की तसं म्हटलंही होतं.

"प्रार्थना करत होते," मी म्हणाले. "मी ख्रिस्ती आहे. येशूला सांगत होते, हिच्याजवळ राहा."

ती म्हणाली, "पोरगं तर वाचलं नाही."

"नाही वाचलं."

"मंग कायले मानता त्याले?"

मी एवढंच सांगितलं, की मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत आले. त्यालाही माणसांनी टाकलं होतं, तोही रडला होता. म्हणून त्याला दुःख सांगायला संकोच वाटत नाही.

ती रडू लागली. त्या मुलासाठी तिला घरात कुणी रडू दिलं नव्हतं.

मी ख्रिस्ती असल्याची गोष्ट गावभर झाली. दोन-तीन घरांनी मला बोलावणं बंद केलं. विहिरीवर गेले की बाया बाजूला सरकायच्या. ते महिने फार जड गेले. पण रविवारी शेजारीण तूर निवडायला सूप घेऊन माझ्याकडे येऊ लागली. "मोठ्यानं वाचा," म्हणायची. पटलं नाही की मधेच थांबवून भांडायची. शेवटपर्यंत ती आपल्या देवांचीच राहिली.

पुढं माझी पांढरकवड्याला बदली झाली, तेव्हा ती एसटीपर्यंत सोडायला आली. "तिथं गेल्या-गेल्या सांगून देजा, बाई. लपवू नका," म्हणाली.

मी सांगितलं. तरी तिथले बरेच रविवार मी एकटीच वाचत बसले.