भुऱ्याची गोळी आणि भावजींची घाई

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत माझ्या थोरल्या दिरांइतका उतावीळ माणूस शोधून सापडणार नाही. भात चुलीवरून उतरला की तसाच गिळतात आणि तोंड पोळलं म्हणून जाऊबाईंवर ओरडतात. तंबाखू सोडायची ठरली की डबीच दरीत फेकतात, आणि ऊन उतरायच्या आत ती शोधायला दरीत उतरतात. जीप भरेपर्यंत कोण थांबणार, म्हणून बाजाराला चालतच निघतात. वाटेत जीप गाठते तेव्हा आत जागा उरलेली नसते. मग मागे लोंबकळत मोखाड्याला पोचतात आणि वर म्हणतात, "बघा, आलो का नाय लवकर?"

अशा माणसाच्या कुत्र्याला नेमका सावकाशीच्या औषधाचा आजार झाला. एका सकाळी भुऱ्या मान वाकडी करून अंगणात गोल गोल फिरायला लागला आणि खांबावर आपटला. पाड्यातले लोक काठ्या घेऊन धावले. "पिसाळलाय, मारा!" भावजी मध्ये उभे राहिले. "त्याला दरसाल सुई देतो मी. तुम्हाला कोणी दिलीय का? आधी तुम्ही लांब व्हा!" भुऱ्याला पोत्यात गुंडाळून त्यांनी जीपमध्ये घातलं आणि धरायला मला सोबत घेतलं.

जव्हारचे गुरांचे डॉक्टर तपासून म्हणाले, "मेंदूला सूज आलेली दिसते. खात्री करायची तर मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढावा लागेल. तोवर सूज उतरायच्या गोळ्या देऊन बघू. पण बरा दिसला तरी एकदम बंद करायच्या नाहीत. हळूहळू कमी करायच्या." ते 'हळूहळू' ऐकून भावजींचं तोंड कच्चं कारलं चावल्यासारखं झालं.

गोळ्यांनी भुऱ्या सुधारला. भूक तर अशी सुटली की पुतणीच्या लग्नासाठी भिंतीवर काढलेला तांदळाच्या पिठाचा चौकच चाटायला लागला. त्या चित्रातल्या देवाच्या घोड्याचे चारी पाय गेले. जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता देव काय रांगत येल लग्नाला?" भावजी मात्र खूश. "भिंत खातो म्हणजे बरा झाला. बास झाल्या गोळ्या!"

मी त्यांच्यासमोर बोलत नाही. डॉक्टरांचं म्हणणं जाऊबाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. "मी बहिरा होतो काय तिथं?" म्हणत भावजी शेतावर गेले.

गोळ्या बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत भुऱ्या कुशीवर पडला. बुबुळं नुसती हलत होती. भावजींनी हाक मारली, तर कानही हलला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग ते त्याच्याजवळ मातीत बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोतं आण गं."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. आता भावजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी करत नाहीत. अडकित्त्याने तिचे तुकडे करतात आणि सुकटीत लपवून भरवतात. भुऱ्याची मान वाकडी राहिली ती राहिलीच. आणखी किती दिवस काढेल, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्याला सरळ चालणं जमत नाही, म्हणून संध्याकाळी माळावर दोघं वळसे घेत फिरतात. पुढे भुऱ्या, मागे हात बांधून भावजी.

कोणी विचारतं, "कुठं निघालात?"

"मला काय माहीत," भावजी म्हणतात. "तो वळंल तिकडं."