अर्धापूरच्या वाटेवर रुतलेली गाडी

त्या सकाळी मला देवाची नाही, जॅकची गरज होती. व्हॅनची डावी चाकं निम्मी काळ्या मातीत गेली होती, गाडी पाण्याच्या चारीकडं कलली होती आणि मी स्टेअरिंगमागे बसून जमतील तेवढ्या शिव्या देत होतो, काही मातीला आणि काही वरच्याला. आदल्या संध्याकाळी अर्धापूरच्या अलीकडे, मालकाला विचारूनच, केळीच्या बागेलगतच्या वाटेवर गाडी लावली होती. शेताला वीज रात्रीची येते आणि मोटार चालू झाली की पाणी बागेतच थांबेल असं नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

लहानपणीच्या पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. लातूरच्या एका गॅरेजवाल्यानं जुन्या व्हॅनला हातानं दाबायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवून दिला. मागं फळीचा पलंग, गॅसची शेगडी आणि चाकाची खुर्ची उतरवायला लोखंडी उतार केला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे सगळं खूळ वाटलं. तो म्हणाला, फिरायचं तर फिर, पण एकदा जरी मला धावत यावं लागलं तर गाडी विकायची आणि गुमान घरात बसायचं. मी तोंडावर हो म्हटलं. किनवटच्या जंगलापर्यंत जाऊन आता परत निघालो होतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लातूर गाठायचं होतं.

वाटेत माणसं चांगली भेटली. किनवटकडं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एका मावशींनी गाडी लावायला जागा दिली. सांडशी मागायच्या निमित्तानं त्या दोनदा गाडीतलं स्वयंपाकघर बघून गेल्या आणि निघताना म्हणाल्या, असलं घर मला पण पाहिजे, नवरा सोडून. पण त्याच भागातल्या एका देवळात पुजाऱ्यानं मला पाहिलं आणि लगेच चार जणांना खूण केली. मी खुर्ची वळवली. आयुष्यभर मला लोकांनी उचललं आहे, एसटीत, लग्नात, देवळात. चांगल्या मनानंच उचललं, पण पोतं उचलावं तसं, आपापसात बोलत. म्हणून या प्रवासात एक नेम केला होता, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात असतो, चांदीच्या डबीत. त्याला भेटायला मला पायऱ्या लागत नाहीत, हे पुजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून मी निघालो. खरं सांगायचं तर गळ्यातल्याशीही माझं भांडणच होतं. माझे पाय नेताना त्यानं मला कुठं विचारलं होतं?

दादाचा फोन आला. कुठपर्यंत पोचलास, म्हणाला. अर्धापूर, एवढंच सांगून मी फोन ठेवला. मागचं दार बांधाला टेकून अडकलेलं होतं, म्हणजे खुर्ची निघणार नव्हती, आणि निघाली असती तरी त्या चिखलात चालली नसती. एक फोन केला असता तर दादा दुपारपर्यंत आला असता. पण मग गाडी गेली असती, आणि गाडीबरोबर मीही गेलो असतो. मी डबीवर हात ठेवला आणि म्हटलं, आता तरी तोंड उघड.

तेवढ्यात मागं ट्रकचा हॉर्न वाजला. केळी भरायला आलेली टोळी होती आणि माझ्या गाडीनं त्यांची वाट अडवली होती. सगळे चिडलेले होते. ड्रायव्हरनं दोर काढला, पण म्हणाला की ओढताना गाडी चारीत पालथी होईल, आतला माणूस बाहेर पाहिजे. मी म्हटलं, मी उतरणार नाही. टोळीतली एक बाई, डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून, चिखल तुडवत खिडकीशी आली. मी सांगितलं, मला कुणी उचललेलं चालत नाही. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"भाऊ, दिवसभर घड उचलताव आम्ही, घडाला इचारत न्हाई," ती म्हणाली. "तुम्हाला इचारून राहिलो. उचलू का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला रागही आला. हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. आवाज तिचाच होता. पण मी "हो" म्हटलं ते कुणाला, हे मला अजून सांगता येत नाही.

तिनं आणि तिच्या नवऱ्यानं हातात हात गुंफले, मी दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि त्यांनी मला बांधावर केळीच्या पानांवर नेऊन बसवलं. तिनं भाकरी पुढं केली. पूजेआधी मी खात नाही म्हटल्यावर तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पाठ करून बसली. मी डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. समोर ट्रक माझी गाडी ओढत होता, माणसं ओरडत होती, आणि मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं त्याला सुनावण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी लातूरला घरासमोर गाडी उभी केली. चिखल पाहून दादानं ओळखलंच. मी सगळं सांगितलं, परक्यांनी उचललं हेही सांगितलं. तुला यावं लागलं नाही, तेव्हा गाडी राहणार, म्हटलं. नेहमीसारखं दार उघडून त्यानं माझ्या काखेत हात घातले.

"थांब," मी म्हटलं. "आधी मला विचार."

दादा गोंधळला. याच माणसाच्या पाठीवर बसून मी सगळी शाळा केली होती. त्यानं काखेतले हात काढून घेतले.

"उचलू?" त्यानं अवघडून विचारलं.

"नको. खुर्ची काढ."

तो मागं गेला आणि त्यानं खुर्ची काढली.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज पूजेला बसलो की तळहातावरच्याकडं आधी तिच्यासाठी मागतो, मग माझ्यासाठी. पायांचं भांडण काही मिटलेलं नाही, आणि ते मिटवायची घाई त्यालाही दिसत नाही. पण आता मी त्याला शरण जातो तो माझ्या मर्जीनं जातो, आणि एखाद्या दिवशी नको वाटलं तर तेही त्याला तोंडावर सांगतो.