लागलं की हात वर

"गिलियन-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे पाहून सोपं केलं, "शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. पायांपासून लुळेपणा वर चढतो. छातीपर्यंत आला की श्वास अडतो. ते आपल्याला वेळेवर कळायला हवं."

ऐंशीच्या दशकातला हिवाळा. माझा धाकटा भाऊ वसंता नौदलात अधिकारी, रजेवर हिंगणघाटला माझ्याकडे आला होता. वेणा नदीच्या गुडघाभर पाण्यात पोहायला शिकलेलं पोरगं समुद्रावर गेलं, याचं गल्लीला भारी कौतुक. त्यात तो नौदलातर्फे तलवारबाजीच्या स्पर्धा खेळायचा. आधी जुलाब झाले, ते थांबले, आणि पंधरवड्याने पायांना मुंग्या. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथे लंबर पंक्चर केलं. म्हणजे मणक्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. घाबरू नका, वाटतं तेवढं दुखत नाही.

रोज सकाळी डॉक्टर टाचणी टोचून विचारायचे, "लागलं?" वसंता म्हणायचा, "नाही." मग एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. पहिल्या दिवशी पस्तीस, दुसऱ्या दिवशी सव्वीस.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला श्वासाच्या मशीनवर नेलं होतं, तो परतला नव्हता. माझं धाबं दणाणलं. तिसऱ्या दिवशी मी वसंताच्या कानाशी लागले. "टोचलं का 'हो' म्हणजो. मोजताना मधात हळूच श्वास घेजो. काऊन जीव घाबरवून राह्यला?"

तो हसला. "ताई, आमच्या खेळात पंचाले दिसलं नाई तरी ज्याले लागलं तो सोताच हात वर करते. न लागता कोणी करत नाई."

मला रागच आला. मरणाच्या दारात कसला आलाय खेळ!

त्या दिवशी मोजताना तो बारावर थांबला. डॉक्टरांनी लगेच त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे त्याच मशीनवर घेतलं. संध्याकाळी त्याची छाती आपसूक हलेनाशी झाली.

"यांनी चोरून श्वास घेतला असता, तर आपल्याला उशीर झाला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांना माझा सल्ला ठाऊक नव्हता. मायेपोटी मी भावाला घालवून बसले असते. लाज वाटते, तरी सांगते. तुम्ही आपल्या माणसाला असं काही शिकवू नका.

पुढे तेवीस दिवस मशीन. नळीमुळे बोलणं बंद. रोज टाचणी, रोज तोच प्रश्न, आणि तो डोळ्यांनीच सांगायचा, नाही. आशेवर टिकलेला माणूस रोज इतकं खरं कसं बोलू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

वसंता चालू लागला तो सहा महिन्यांनी. तलवार पुन्हा धरली नाही. पण माझ्यापुरता तो चोविसाव्या सकाळीच बरा झाला.

डॉक्टरांनी उजव्या पायाच्या तळव्याला टाचणी लावली आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. ते कागदावर लिहायला वळले, तेवढ्यात चादरीवरून त्याचा हात थरथरत चार बोटं उंच उचलला गेला आणि तसाच राहिला.

"आचका असेल," डॉक्टर म्हणाले.

"नाई डॉक्टर," मी म्हटलं. "लागलं त्याले."