थोडं ऊन

“माझी कोरफड कुणी उकळली?” कोल्हापूरच्या भाडेकरू वहिनी अशा ओरडल्या की पेडण्यातून उडालेले कावळे थेट मुरगावला उतरले.

शेजारचे काका मान खाली घालून उभे होते. मराठी-कोकणी भाषावादाच्या त्या दिवसांत ते मराठीसाठी गर्जले की मांद्र्याच्या होड्या हलत. आम्ही कोकणीत ‘उदक’ म्हटलं तरी “पाणी म्हण!” म्हणून खेकसत.

गावी जाताना वहिनी म्हणाल्या होत्या, “काका, कोरफडीला रोज थोडं ऊन द्या.” काकांनी न चुकता न्हाणीतलं तांब्याभर ऊन पाणी घातलं. कुंडी मात्र ओसरीच्या अंधारातच राहिली.

“अहो काका, ऊन म्हणजे सूर्याचं!” मी खदखदून हसलो. काकांचे कान लाल झाले.

मग काका अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवून कोकणीत म्हणाले, “आमच्या घरांत ताका वत म्हणटात.”